जड धातूंना राखेची वेसण

बेल्जियमच्या ईशान्य कोपऱ्यात लोमेल नावाचं गाव आहे. गावाजवळच्या माटहाइडे भागात १९०४ पासून जस्ताची भट्टी चालू होती. १९७४ मध्ये कारखाना जमीनदोस्त झाला. धूर थांबला, पण हिरवळ परतली नाही. सुमारे १३५ हेक्टरांचा तो पट्टा पुढे कितीतरी वर्षं बोडकाच राहिला. पाऊसपाणी मुबलक, शेजारी पाइनची झाडी, तरी इथे गवताचं पातं तग धरत नव्हतं. मातीत जस्त, कॅडमियम आणि शिसं इतकं मुरलं होतं की रुजलेल्या बीचं मूळ जागच्या जागी खुंटायचं.

१९९० मध्ये यातल्या तीन हेक्टरांत संशोधकांनी राख आणि कंपोस्ट कालवलं, वर गवताचं बी टाकलं. गवत उगवलं आणि टिकलं. पाच वर्षांनी पाहणी झाली तेव्हा कुणीही न पेरलेल्या रानवनस्पतींनी तिथे आपणहून बस्तान बसवलं होतं.

एका उद्योगाची राख दुसऱ्या उद्योगाचं विष जखडून ठेवते, ही गोष्ट ऐकायला अचाट वाटते. पण त्यामागचं रसायन सरळ आहे, आणि त्याच्या आसपासच्या गोष्टी एकापेक्षा एक आहेत.

खाणीचा कचरा कामाला आला

लोमेलमध्ये वापरलेली राख आली होती बेरिंगेनच्या कोळसा खाणीतून. खाणीतून कोळशाबरोबर निघणारे दगड-मातीचे ढीग तिथे साचले होते. त्यात थोडा कोळसा शिल्लक असतोच. त्यातली ऊर्जा मिळवण्यासाठी हा कचरा ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाळला जाई, आणि धुराबरोबर उडणारी राख गोळा केली जाई. खाणीच्या नावावरून तिला ‘बेरिंगाइट’ म्हणू लागले. हासेल्टजवळच्या विद्यापीठातले याको वांग्रोन्सफेल्ड आणि त्यांचे सहकारी यांनी ही राख जड धातूंवर वापरून पाहिली, आणि या विषयात काम करणाऱ्या जगभरच्या लोकांना लोमेलचं नाव पाठ झालं.

बेरिंगेनची खाण १९८९ मध्ये बंद झाली. आज तिथे पर्यटक जातात. खाणकचऱ्याच्या डोंगरावर मुलं चढतात, आणि जुन्या गाळटाकीत पाणी भरून पाण्याखाली पोहण्याचं केंद्र उभं राहिलं आहे. लोमेलचंही तसंच. पांढऱ्या वाळूचा उपसा आणि जस्ताच्या कारखान्याचा धूर यांनी मिळून तिथे जो वाळवंटी तुकडा तयार केला, तो आता ‘लोमेलचं सहारा’ या नावानं राखीव निसर्गक्षेत्र आहे.

धातू जातो कुठे? कुठेच नाही

राख मातीतला धातू काढून टाकत नाही. उपचारापूर्वी एक किलो मातीत जेवढं जस्त होतं तेवढंच नंतरही असतं. तेल, कीटकनाशक किंवा सांडपाण्यातली घाण जिवाणू खातात, मोडतात, संपवतात. शिसं आणि कॅडमियम ही मूलद्रव्यंच. ती मोडत नाहीत, कुजत नाहीत, जळूनही संपत नाहीत. हजार वर्षांनी तपासलं तरी शिसं ते शिसंच.

मग बदलतं काय? धातूचं रूप. मातीतल्या पाण्यात विरघळलेला धातू मुळातून झाडात चढतो, विहिरीत झिरपतो. तोच धातू घट्ट क्षारात बसला, मातीच्या कणाला चिकटला किंवा स्फटिकात अडकला, तर झाडाच्या दृष्टीनं तो जवळपास नसल्यासारखाच. लोमेलच्या राख घातलेल्या मातीत पाण्यात उतरणाऱ्या धातूचं प्रमाण शेजारच्या उघड्या मातीपेक्षा ७० पटींपर्यंत कमी निघालं. एकूण धातू तसाच, मोकळा धातू सत्तरावा हिस्सा. या विषयातला एकच आकडा लक्षात ठेवायचा असेल तर मी हा ठेवीन.

सामूची जादू

मातीपरीक्षणाच्या अहवालात ‘सामू’ हा रकाना प्रत्येक शेतकऱ्यानं पाहिलेला असतो. सात म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. राखेची पहिली करामत इथेच दिसते: ती माती अल्कधर्मी करते. जुन्या स्वयंपाकघरात चुलीतल्या राखेनं भांडी लख्ख निघायची ती याच गुणामुळे. राखेतलं अल्क तेलकटपणाचा साबण करून टाकतं.

आम्लधर्मी मातीत जस्त, कॅडमियम, निकेल, तांबं यांसारखे धातू पाण्यात सहज उतरतात. सामू वाढला की त्यांचे हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेट बनतात आणि तळाला बसतात. रसायनशास्त्राचा हिशेब असा, की हायड्रॉक्साइडच्या रूपात बसलेल्या अशा धातूची पाण्यातली मात्रा सामू एका अंकानं वाढला तर शंभर पटीनं उतरू शकते. दोन अंकांनी वाढला तर दहा हजार पटीनं! शेतातली माती परीक्षानळीइतकी शिस्तीत वागत नाही, पण दिशा तीच असते.

दुसरी करामत कणांच्या पृष्ठभागावर घडते. सामू वाढला की मातीच्या आणि राखेच्या कणांवरचा ऋणभार वाढतो, आणि धनभारित धातू त्यांना चिकटून बसतात.

तिसरी करामत रोमन लोकांना ठाऊक होती. नेपल्सजवळच्या पोत्सुओलीची ज्वालामुखीची राख आणि चुना पाण्यात मिसळला की दगडासारखा कठीण होतो, हे त्यांनी हेरलं आणि त्या जोरावर बंदरं बांधली. कोळशाच्या राखेतली सिलिका आणि अॅल्युमिनाही चुन्याशी अशीच प्रक्रिया करतात. हळूहळू एक चिकट, सिमेंटसारखा पदार्थ तयार होतो आणि धातूचे कण त्यात कोंडले जातात. काही राखांत पाणी लागल्यावर सुईसारखे स्फटिक वाढतात, तेही आपल्या जाळ्यात धातू धरून ठेवतात. आपल्याकडचं घाटघरचं धरण हे देशातलं रोलरनं दाबलेल्या काँक्रीटचं पहिलं धरण, त्याच्या काँक्रीटमध्येही फ्लाय अॅशचा, म्हणजे कोळशाच्या उडत्या राखेचा, मोठा वाटा आहे. धरणाला मजबुती देणारं आणि मातीतलं विष कोंडणारं रसायन एकाच घराण्यातलं.

काचेच्या गोट्या

वीजकेंद्राची राख सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की तोंडात बोट जातं. भुकटी दिसेल म्हणावं तर दिसतात चकचकीत गोल गोट्या. भट्टीच्या प्रचंड उष्णतेत कोळशातली माती वितळते, धुराबरोबर उडताना तिचे थेंब होतात आणि थंड होताना गोलच गोठतात. काही गोट्या आतून पोकळ असतात आणि पाण्यावर तरंगतात. राखेच्या तलावावर त्यांचा करडा तवंग दिसतो. हलक्या वजनाच्या साहित्यात भराव म्हणून त्यांना चांगली मागणी आहे. काही गोट्यांच्या पोटात आणखी लहान गोट्या भरलेल्या असतात.

ही राख धुरांड्यातून निसटू नये म्हणून विजेच्या भारानं ती पकडणारं यंत्र बसवतात. अमेरिकी रसायनतज्ज्ञ फ्रेडरिक कॉट्रेल यांना त्याचं पेटंट १९०८ मध्ये मिळालं. त्यांनी आपलं तंत्र सुरुवातीला वापरलं ते सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकाठच्या एका शिशाच्या भट्टीत! ज्या उद्योगानं माती नासवली त्याच उद्योगाचा धूर आवरताना घडलेलं यंत्र पुढे वीजकेंद्रांत आलं आणि राखेचे डोंगर जमवू लागलं.

घेवड्याची साक्ष

माती सुधारली की नाही हे कसं ठरवायचं? प्रयोगशाळेतली एक प्रचलित पद्धत अशी: नमुन्याच्या वीसपट वजनाचं सौम्य अॅसिटिक आम्ल घ्यायचं, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच, आणि दोन्ही एकत्र करून बाटली १८ तास गोल फिरवत ठेवायची. त्या पाण्यात किती धातू उतरला ते मोजायचं. अमेरिकी नियमात एका लिटरमागे ५ मिलिग्रॅम शिसं उतरलं तर तो कचरा घातक ठरतो.

बेल्जियन संशोधकांची पद्धत मला जास्त आवडते. त्यांनी मातीत घेवडा पेरला. रोप काही दिवसांचं झालं की पानांची लांबी-रुंदी पाहायचीच, शिवाय पानांतल्या काही विकरांची पातळी मोजायची. धातूचा ताण पडला की रोप वरून ठीक दिसत असतानाही ही विकरं चढतात. नुसत्या यंत्राला धातूचा आकडा कळतो, त्या आकड्यानं जिवाला काय होतं ते घेवडा सांगतो.

आगंतुक कॅडमियम

१८१७ मध्ये जर्मन रसायनतज्ज्ञ फ्रीडरिश श्ट्रोमायर जस्ताचं कार्बोनेट तपासत होते. नमुना पांढरा असायला हवा होता, पण तापवल्यावर पिवळसर पडत होता. शोधता शोधता त्यातून नवा धातू निघाला, कॅडमियम. तेव्हापासून आजवर जिथे जस्ताची भट्टी तिथे कॅडमियम, हे समीकरण काही सुटलेलं नाही.

भाताच्या मुळाशी मॅंगनीज आत घेण्यासाठी प्रथिनांची दारं असतात. कॅडमियम त्याच दारातून, मांडवात वऱ्हाडाबरोबर घुसणाऱ्या आगंतुकासारखं, बिनदिक्कत आत शिरतं. पुढे ते दाण्यात उतरतं आणि जेवणाऱ्याच्या मूत्रपिंडात वर्षानुवर्षं साठत जातं. जपानच्या जिंझू नदीकाठी कामिओका खाणीच्या पाण्यावर पिकलेला भात खाऊन लोकांची हाडं ठिसूळ झाली. साधं खोकलं तरी हाड मोडावं अशी दशा. वेदनेनं निघणाऱ्या ‘इताई-इताई’ या उद्गाराचंच रोगाला नाव पडलं. १९६८ मध्ये जपान सरकारनं हा प्रदूषणाचा आजार असल्याचं मान्य केलं. तिथे राखेचा उपाय केला नाही, भातखाचरांची मातीच बदलली. ८०० हेक्टरांहून जास्त जमिनीचं ते काम २०१२ मध्ये पुरं झालं, म्हणजे रोग मान्य झाल्यावर चव्वेचाळीस वर्षांनी. माती उचलून बदलणं किती महाग आणि वेळखाऊ असतं ते यावरून कळतं. धातू जागच्या जागी जखडण्याच्या उपायाकडे म्हणूनच लोक वळले.

चीनमध्ये २०१४ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय मातीपाहणीत शेतजमिनीचे १९.४ टक्के नमुने प्रदूषणाच्या मर्यादेबाहेर निघाले. हुनान प्रांतात भातासाठी तीन कलमी उपाय आखला गेला: कमी कॅडमियम ओढणारं वाण, खाचरात पाणी धरून ठेवणं आणि सामू वाढवणं. यातल्या दुसऱ्या उपायात एक पेच आहे. खाचर पाण्याखाली राहिलं की कॅडमियम गंधकाशी जखडलं जातं, पण मातीत आर्सेनिक असेल तर नेमकं तेच सुटतं. पाणी काढलं की आर्सेनिक बसतं आणि कॅडमियम उठतं.

उलट्या काळजाचे दोघे

राखेचा प्रयोग करणाऱ्यानं सगळ्यांत आधी विचारायला हवं, की मातीत धातू कोणता आहे? कारण आर्सेनिक आणि सहा संयुजेचं क्रोमियम यांची तऱ्हा इतरांच्या नेमकी उलट. ते मातीत ऑक्सिजनशी जोडलेल्या ऋणभारित रूपात फिरतात. राखेनं सामू वाढवला, कणांवरचा ऋणभार वाढला, की ते चिकटायचे सोडून सुटे होतात. शिशासाठी जो उपचार तोच आर्सेनिकसाठी अपाय. सेलेनियम आणि मॉलिब्डेनम यांचंही असंच.

बेल्जियममधल्याच रेपेल इथे आर्सेनिकच्या कारखान्यामुळे परसबागांची माती बिघडली होती. तिथल्या मातीवर १९९७ पासून जे प्रयोग झाले त्यात ५ टक्के बेरिंगाइटच्या जोडीला १ टक्का लोखंडी छर्रे मिसळले. लोखंड गंजतं, गंजाच्या पृष्ठभागावर आर्सेनिक पक्कं बसतं, आणि राख कॅडमियम-जस्ताकडे बघते. या जोडगोळीनं दोन्ही बाजू सांभाळल्या.

तमिळनाडूतल्या राणीपेटला बंद पडलेल्या क्रोमेट कारखान्याचा लाखाहून अधिक टन कचरा साठून राहिला. तिथे सहा संयुजेच्या क्रोमियमवर नुसती राख टाकणं म्हणजे आगीत तेल. आधी त्याला रासायनिक क्रियेनं तीन संयुजेचं करावं लागतं. या रूपात ते कमी विषारी आणि पुष्कळ कमी फिरस्तं असतं.

जास्त झालं तर

शिसं आणि जस्त सामू नऊ-दहाच्या आसपास सगळ्यांत शांत असतात. राखेच्या भरात सामू बाराच्या दिशेनं गेला तर त्यांचे हायड्रॉक्साइड पुन्हा विरघळू लागतात. पाचाऐवजी पंधरा टक्के राख घातली म्हणून तिप्पट गुण येत नाही, उलट गाडी घसरते.

शिवाय राखेला चांगलं जस्त आणि वाईट जस्त असा भेद कळत नाही. पिकाला अल्प प्रमाणात जस्त, लोह, मॅंगनीज लागतंच. आपल्या देशात जस्ताची कमतरता असलेल्या जमिनी आधीच मोठ्या प्रमाणावर आहेत. तिथे सरसकट राख ओतली तर भात-मका पिवळा पडायला वेळ लागणार नाही. कंपोस्टचाही एक वेगळा स्वभाव आहे. ते बहुतेक धातूंना धरतं, पण त्यातले विरघळणारे सेंद्रिय अंश तांब्याशी गट्टी करून त्याला पाण्यात ओढूही शकतात. स्वीडनमधल्या लुलेओच्या संशोधकांनी कोळशाच्या राखेबरोबर पीट, म्हणजे दलदलीतला अर्धवट कुजलेला पाला, वापरून शिसं आणि तांब्याची माती दोन वर्षं उघड्यावर तपासली. ५ टक्के राख आणि ५ टक्के पीट या मिश्रणानं दोन्हींची गळती नव्वद टक्क्यांहून जास्त घटली. या कामात घटकांची नावं सारखी असून भागत नाही, मापं जुळावी लागतात.

एका हेक्टराला किती?

साधा हिशेब करू. एका हेक्टराच्या वरच्या २० सेंटिमीटर मातीचं वजन साधारण २,६०० टन भरतं. ५ टक्के राख म्हणजे १३० टन. मोठ्या डंपरच्या दहाएक खेपा. एवढी राख आणायची, एकसारखी पसरायची, खोलवर कालवायची, आणि हे करताना ती वाऱ्यानं गावात उडू द्यायची नाही. भाजीच्या वाफ्यात वांगी-भेंडीच्या पानांवर किडीसाठी मूठभर राख भुरभुरतात, त्याच्याशी या कामाची गाठ घालून चालणार नाही.

राखेचा तुटवडा मात्र नाही. २०२१-२२ मध्ये देशातल्या कोळशावरच्या वीजकेंद्रांतून सुमारे २७ कोटी टन राख निघाली. आपल्या कोळशात राखेचा अंश ३० ते ४५ टक्के, म्हणून एवढा ढीग. सिमेंट, विटा, रस्ते आणि खाणींचे खड्डे भरणं यांत तिचा बराचसा भाग खपतो. शेतीकडे एक टक्काही वळत नाही, आणि माझ्या मते यात घाई न झालेलीच बरी. कारण पुढे येतंय.

राखेच्या पोटात काय आहे?

कोळशातलं जळतं ते जळून जातं, उरलेल्या राखेत आर्सेनिक, बोरॉन, सेलेनियम, क्रोमियम, पारा असे अंश दाटून राहतात. ताज्या राखेतलं बोरॉन पहिल्या वर्ष-दोन वर्षांत पिकाला बाधू शकतं. १९७८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की तितकीच वीज बनवणाऱ्या अणुकेंद्रापेक्षा कोळशाच्या केंद्रातून परिसरात जास्त किरणोत्सर्ग बाहेर पडू शकतो, कारण कोळशात युरेनियम आणि थोरियमचा सूक्ष्म अंश असतो. त्या लेखातले दोन्ही आकडे माणसाला रोज मिळणाऱ्या नैसर्गिक किरणोत्सर्गापुढे लहान आहेत, पण तुलना चकित करणारी आहेच.

राख चुकीच्या जागी गेली की काय होतं हे अमेरिकेतल्या टेनेसी राज्यानं २२ डिसेंबर २००८ ला पाहिलं. किंग्स्टनच्या वीजकेंद्राचा राखबंधारा मध्यरात्रीनंतर फुटला आणि सुमारे ४१ लाख घनमीटर राखेचा गारा नदीत आणि घरांवर गेला. जुलै २०२२ च्या पावसात नागपूरजवळ कोराडीच्या वीजकेंद्राचा खसाळ्याचा राखबंधारा फुटला आणि राख शेतांत पसरली, कोलार आणि कन्हान नद्यांत उतरली. कन्हानचं पाणी नागपूर पितं. राखेचा मातीसाठी उपयोग सांगताना हा प्रसंग गाळणं बरोबर नाही. ज्या शेतकऱ्याच्या बांधावर नको असताना राख आली, त्याला तिच्या गुणांचं व्याख्यान ऐकवायचा हक्क कुणाला नाही.

नागपूरलाच याची उलटी बाजूही पाहायला मिळते. खापरखेड्याच्या राखेच्या ढिगावर १० हेक्टर जागेत ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी शेणखत कालवलं, मुळांशी मैत्री करणारी मायकोरायझा बुरशी आणि नत्र स्थिर करणारे जिवाणू घातले आणि झाडं लावली. इथे उपचार राखेनं नव्हता, राखेवर होता. शेणखतातल्या सेंद्रिय पदार्थानं राखेतले धातू धरले आणि उडणारा ढीग मुळांनी बांधला.

सगळी राख सारखी नसते

आपल्या दगडी कोळशाच्या राखेत सिलिका आणि अॅल्युमिना भरपूर, पण चुना फार थोडा. त्यामुळे ती सामू फारसा हलवत नाही, नुसती घातली तर कमी पडते, जोडीला चुना द्यावा लागतो. तमिळनाडूतल्या नेयवेलीच्या लिग्नाइटची राख चुन्यानं श्रीमंत, तिचा परिणाम लगेच दिसतो. शहरी कचरा जाळून मिळणारी उडती राख तर या कामाला घ्यायचीच नाही, ती स्वतःच जड धातूंनी भरलेली असते.

मातीचंही तसंच. विदर्भ-मराठवाड्याची काळी भारी जमीन आधीच अल्कधर्मी, तिच्यातली चिकणमाती धातूंना घट्ट धरून ठेवते. तिथे राखेनं फार काही साधणार नाही, आणि जमीन चोपणाकडे झुकलेली असेल तर आणखी अल्क तिला नकोच. कोकण आणि गोव्याची जांभी जमीन आम्लधर्मी. राखेचं रसायन चालेल ते अशा मातीत. लोमेलची मातीही हलकी, वाळूमिश्रित, धातू धरून ठेवायला दुबळीच होती, म्हणून तिथे फरक इतका ठळक दिसला. एका देशातला यशस्वी प्रयोग दुसऱ्या जमिनीवर जसाच्या तसा उचलून ठेवता येत नाही. आधी माती, मग धातू, मग राख, असा तपासणीचा क्रम लागतो.

शिशाला माशाचे काटे

शिशासाठी राखेपेक्षा सरस उपाय म्हणजे फॉस्फेट. फॉस्फेट आणि शिसं भेटले की पायरोमॉर्फाइट नावाचं खनिज तयार होतं, आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. एखाद्या मुलानं मातीचा हात तोंडात घातला तरी पोटातल्या आम्लात ते फारसं सुटत नाही. फॉस्फेटचा स्वस्त साठा कुठे? हाडांत. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या वेस्ट ओकलंडच्या साउथ प्रेस्कॉट वस्तीत, जुन्या रंगांच्या आणि गाड्यांच्या धुराच्या शिशानं भरलेल्या अंगणांत, सरकारी पर्यावरण संस्थेनं अलास्काच्या पोलॉक माशांच्या हाडांची भुकटी कालवली. वर स्वच्छ माती टाकून हिरवळ लावली. लोकांची घरं उठवावी लागली नाहीत, ट्रक भरभरून माती दुसऱ्या कुणाच्या गावाबाहेर नेऊन टाकावी लागली नाही. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण खणून नेलेली विषारी माती शेवटी कुठल्या तरी गरिबाच्याच शेजारी जाऊन पडते.

रस्ते जस्ताच्या राखेचे

लोमेलच्या परिसरातच राखेचा दुसरा अवतारही भेटतो. तिथल्या जस्त कारखान्यांतून भट्टीचा जो जळका अवशेष निघे त्याला लोक जस्ताची राखच म्हणत. फुकट मिळे, पक्का बसे, चिखल होऊ देत नसे. म्हणून कारखान्याच्या शेजारच्या गावांनी तो रस्त्यांवर आणि अंगणांत अंथरला. त्यातलं कॅडमियम आणि जस्त पावसाबरोबर खाली झिरपत राहिलं. पुढे असे रस्ते उकरून तो थर काढण्याचं काम सरकारला हाती घ्यावं लागलं. एकाच पंचक्रोशीत एका राखेनं विष पसरवलं आणि दुसरीनं ते रोखलं.

पहारा किती वर्षं?

पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं. खतं, कुजणारा पाला, मुळांचा श्वास यांनीही माती वर्षागणिक आम्लाकडे सरकते. राखेतलं अल्क हळूहळू खर्ची पडतं. ते संपलं आणि कुणी पाहिलंच नाही, तर जखडलेला धातू पुन्हा सुटू शकतो. त्यामुळे उपचार झालेल्या जमिनीचा सामू आणि पाण्यात उतरणारा धातू ठरावीक काळानं मोजत राहावं लागतं, लागलं तर पुन्हा चुना किंवा राख द्यावी लागते. निधी मिळवताना पहिल्या वर्षाच्या फोटोंना भाव असतो, दहाव्या वर्षीच्या मोजणीला विचारणारं कुणी नसतं. खरा खर्च या मोजणीसाठी राखून ठेवायला हवा.

लोमेलला ती मोजणी झाली. संशोधक वर्षानुवर्षं त्याच तीन हेक्टरांवर परतत राहिले, आणि गवत टिकलं म्हणून समाधान न मानता मातीतले सूक्ष्म सूत्रकृमीही मोजायला बसले. हे कृमी डोळ्यांना दिसत नाहीत, पण जिवाणू, बुरशी आणि मुळं यांवर जगणारी त्यांची वस्ती पाहिली की जमिनीत अन्नसाखळी कितपत उभी राहिली ते कळतं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, राख घातलेल्या पट्ट्यात हे कृमी परत आले होते.